शाई सापडेपर्यंत

"ब्रेक! अहो, ब्रेक म्हणतेय मी! ब्रेऽऽक!"

तिचा आवाज इतका चढला, की पलीकडच्या स्कूटरवाल्याने दचकून स्वतःचाच ब्रेक दाबला. गाडी थांबली खरी, पण ती तिने थांबवली होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो आणि असे नवे विद्यार्थी आले, की तिचा पाय काही त्याच्यावरून उठत नसे. सकाळी ऑफिसातून निरोप आला होता, "नवीन माणूस आहे, भित्रा आहे, जपून." एवढंच.

बाहेर पावसाचा थेंबही नव्हता. त्या भित्र्या माणसाने डावीकडे वळायचं म्हणून इंडिकेटर द्यायच्या ऐवजी वायपर चालू केला होता, आणि आता ते वायपर कोरड्या काचेवर कर्कश किरकिरत होते. पण त्याचं लक्ष ना वायपरकडे होतं, ना समोरच्या सिग्नलकडे. तो तिच्याकडे बघत होता. टक लावून.

"समोर बघा," ती म्हणाली. "रस्ता तिकडे आहे."

"टिटवी?"

इतक्या वर्षांत तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. या शहरात ती सगळ्यांची मॅडम होती, घरी आईची बाळ होती, पण टिटवी... टिटवी ती फक्त एका गावात होती, आणि ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली होतं.

"कोण तुम्ही?"

"इतकं किंचाळणारं दुसरं कोण असणार?" तो हसला. "मी बोळका."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. कान तेच, जरा जास्तच बाहेर आलेले. भुवईवरची खोक तीच. पण हसू? हसू भलतंच होतं, भरगच्च. चौथीत असताना शाळेच्या पायऱ्यांवरून पडून पुढचे दात पाडून घेतलेला बोळका तिला आठवत होता, आणि समोरचा माणूस तर दंतमंजनाच्या जाहिरातीतल्यासारखा हसत होता.

"तुला... दात आले?"

"आले कुठले! बनवले. स्वतःच. दातांची लॅब आहे माझी, कवळ्या बनवतो."

ती इतकी हसली, की सिग्नल हिरवा झालेला दोघांनाही कळला नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला तेव्हा तो गडबडला आणि त्याने गाडी पुढे नेण्याच्या नादात पुन्हा वायपर जोरात सुरू केले.

गाव लहान होतं. शाळा त्याहून लहान. एकच खोली, एकच गुरुजी, आणि ते गुरुजी म्हणजे तिचे बाबा. चौथीचा वर्ग म्हणजे सगळी मिळून पाच डोकी. टिटवी आणि बोळका. रोज उशिरा येणारा घड्याळ. मोठ्याने बोललं तरी डोळ्यांत पाणी आणणारी कोकरू. आणि शाई. सतत पेनाचं टोक तोंडात धरल्यामुळे जिचे ओठ निळे असायचे, आणि जी गणितं फळ्यावर लिहून व्हायच्या आत सोडवायची, ती शाई. टिटवीची बाकावरची मैत्रीण. तेव्हा दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

मग धरणाची नोटीस आली. गावाने ठरवलं, आपण हलायचं नाही, लढायचं. आणि गुरुजींनी मात्र, ऐन वर्षाच्या मध्यात, शहरात बदली मागून घेतली. ते गेले, शाळेला कुलूप लागलं. सामानाचा टेम्पो निघाला त्या सकाळी निरोप द्यायला चिटपाखरू आलं नव्हतं. टिटवी टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून वळण येईपर्यंत शाईच्या घराच्या दाराकडे बघत होती. दार उघडलं नाही.

पुढे गावही उठलंच. कुणी इकडे गेलं, कुणी तिकडे. पाण्याने सगळं गिळलं. पण ते न उघडलेलं दार काही टिटवीच्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

"मला सगळ्यांना शोधायचंय," तिसऱ्या दिवशी तिने बोळक्याला सांगितलं. गाडी मोकळ्या मैदानात गोल गोल फिरत होती. "पाचही जणांना एका जागी बसवायचंय. गेलं वर्षभर मी विचारतेय, जिथे जिथे गावची माणसं गेली तिथे तिथे फोन करतेय. एकही धागा हाताला लागत नव्हता... आणि तू स्वतःच्या पायाने चालत आलास."

"चालत नाही, गाडी चालवत."

"त्याला चालवणं म्हणायचं धाडस तुझंच."

"पण कशाला शोधायचं? कदाचित त्यांना नको असेल."

"नको असेल तर तोंडावर सांगू देत," ती म्हणाली. "मी ऐकून घेईन. पण दार बंद बघून परत फिरणं एकदा झालंय माझं. पुन्हा नाही."

बोळक्याने हळूच तिच्याकडे पाहिलं. चौथीतही ती अशीच होती. हनुवटी पुढे, नाकावर घाम, आणि एकदा म्हटलं की म्हटलं.

"मी आलो होतो त्या सकाळी," तो म्हणाला. "शाळेच्या मागे उभा होतो. घरून सक्त ताकीद होती, जायचं नाही म्हणून."

तिचा आवाज एकदम खाली आला. "मग हाक का नाही मारलीस?"

"दात नव्हते ना! 'टिटवी' म्हणायला गेलो असतो तर 'फिफवी' झालं असतं. एवढ्या दुःखाच्या प्रसंगी..."

ती हसली. पण हसता हसता खिडकीबाहेर बघायला लागली.

मग रविवार ठरले. त्याला सराव हवा होता, तिला माणसं. स्कूलच्या मालकाने सुट्टीच्या दिवशी गाडी वापरायची परवानगी दिली, अट एकच, ओरखडा पडता कामा नये. तो चालवायचा, ती शेजारी बसून एका डोळ्याने रस्ता आणि एका डोळ्याने मोबाइलमधले पत्ते बघायची. म्हणजे निदान तिचा तसा समज होता. खरं तर एक डोळा अधूनमधून त्याच्या हातांकडे जायचा. बारीक, लांब बोटं, नखांच्या कडांना कधी न निघणारं पांढरं प्लास्टर. गिअर बदलताना तो इतक्या हलक्या हाताने बदलायचा, जणू गिअर दुखावेल.

"जोर लाव जरा. कवळी नाहीये ती."

"कवळीला जोर लावला तर माणूस ओरडतो. सवय आहे."

"मीही ओरडेन."

"ते तर तू न लावताही ओरडतेस."

घड्याळ सापडला तो बस स्थानकावर. त्याच्या चुलत्याने सांगितलं होतं, तिथे नोकरीला आहे, पण नेमकं काय करतो ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दोघं फलाटांवर भटकत होते, आणि वरून कर्ण्यातून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, आणिऽऽ..." तो लांबवलेला आणिऽऽ! गुरुजींना उशिराची कारणं सांगताना घड्याळ असाच अडायचा, "गुरुजी, गाय सुटली, आणिऽऽ..." टिटवीने बोळक्याची बाही धरली आणि धावत सुटली. ती बाही तिने चौकशीच्या खिडकीपर्यंत सोडली नाही. त्यानेही सोडवून घेतली नाही.

"म्हणजे रोज उशिरा येणारा माणूस आता गाड्यांच्या वेळा सांगतो?" तिने विचारलं.

"वेळा कुठे? उशीर किती झाला तेच सांगतो," घड्याळ म्हणाला, आणि तिघांनी मिळून असा काही गोंधळ घातला की कर्ण्याचं बटण चालू राहिलंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सगळ्या फलाटांवरच्या प्रवाशांनी त्यांची चौथी ऐकली.

कोकरूचा पत्ता घड्याळानेच दिला. "वाहतूक शाखेत आहे. जपून जा." जपून कसलं! चौकातच बोळक्याने थांबायच्या रेषेच्या चांगलं पुढे जाऊन गाडी उभी केली आणि समोरून काळा गॉगल लावलेली, कमरेवर हात ठेवलेली पोलीसबाई आली. काचेवर टकटक केलं. "रेषा कशासाठी असते? रांगोळी वाटली का?"

तो आवाज ऐकून बोळक्याने घाबरून वायपर चालू केले. टिटवीने मात्र खिडकीतून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "कोकरू, अगं, आता तू आम्हाला रडवणार?"

गॉगल खाली आला. टिटवी गाडीतून उतरली. मग भर चौकात, वाहतूक शाखेच्या त्या बाईने टिटवीच्या गळ्यात पडून असा काही हुंदका दिला, की चारी बाजूंच्या गाड्या आपापल्या जागी मुकाट उभ्या राहिल्या.

परतताना संध्याकाळचं ऊन तिरपं गाडीत येत होतं. बोळका म्हणाला, "दोन झाले. आपण दोघं धरून चार."

"शाई राहिली."

त्याने आरसा उगाच नीट केला.

"तुला काहीच माहीत नाही तिचं? खरंच?"

"समोर बघू दे मला," तो म्हणाला. "ट्रक आहे."

ट्रक बराच लांब होता. पण तिच्या ते ध्यानात आलं नाही. ती त्याच्या कानाच्या लाल झालेल्या पाळीकडे बघत होती, आणि आपण का बघतोय याचं उत्तर शोधत होती.

पुढचे कित्येक रविवार शाईमागे गेले. एक पत्ता चुकीचा निघाला, एक जुना, एका घरी तर शाईच्याच खऱ्या नावाच्या दुसऱ्या बाईने दार उघडलं आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मध्ये बोळक्याची लायसन्सची परीक्षा झाली. रिव्हर्सला तो नापास झाला. पुन्हा दिली, पुन्हा रिव्हर्सलाच गाडी खांबाला जाऊन टेकली.

"अरे, पुढे एवढी छान नेतोस, मागे आलं की काय होतं तुला?"

"मागे बघितलं की तू दिसतेस. मान वळवली की आधी तूच येतेस मध्ये."

"मग मी मागच्या सीटवर बसू?"

"नको," तो एवढ्या घाईने म्हणाला, की त्याचा हात वायपरच्या दांडीवर आपटला. वायपर सुरू झाला. या खेपेला पाऊस खरोखरच होता.

आणि मग तो बुधवार आला.

त्याला घ्यायला ती लॅबमध्ये गेली होती. अरुंद खोली, टेबलावर गुलाबी मेणाचे तुकडे, फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. तिला आता त्या जबड्यांची भीती वाटेनाशी झाली होती, उलट त्यांतल्या काहींना तिने नावंही ठेवली होती. बोळक्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या प्लास्टरमध्ये. टेबलावरचा फोन वाजला.

"जरा उचल ना. स्पीकरवर टाक, गिऱ्हाईक असेल."

तिने टाकला.

"बोळक्या, आईची खालची कवळी परत टोचतेय बघ," बाईचा आवाज, खणखणीत. "उद्या येऊन घासून दे. आणि ती टिटवी अजून मला शोधतेय का रे? तू काही बोलला नाहीस ना? बोललास तर बघ, शाईशी गाठ आहे!"

खोलीत प्लास्टरसुद्धा वाळायचं थांबलं.

"ठेवते," टिटवी फोनकडे बघत म्हणाली, आणि खरंच ठेवला.

"ऐक..." बोळका हात तसेच वर धरून उभा होता. थेंब जमिनीवर पडत होते. "तिने गळ्याची शपथ घातली होती. आईची कवळी करायला आली तेव्हा ओळख पटली, तू भेटायच्या आधीच. तुझं नाव काढलं की ती..."

"किती रविवार?" तिचा आवाज चढला नव्हता. ते जास्त वाईट होतं. "किती रविवार तू मला चुकीच्या दारांवर नेलंस? मी वेड्यासारखी घंटा वाजवत होते, आणि तू शेजारी उभा राहून माझ्यासोबत वाट बघत होतास! जिला दार उघडायचं नव्हतं, तिचं मी समजू शकते. पण तुझं काय?"

तो हात पुसायला फडकं शोधू लागला.

"पत्ता दे."

"ती भेटणार नाही."

"तिने भेटायलाच हवं असं कोण म्हणतंय? मी भेटणार आहे. आणि तू दुसरा मास्तर बघ."

शाईची रोपवाटिका शहराबाहेरच्या रस्त्याला होती. हिरव्या जाळीखाली पिशव्यांतल्या रोपांच्या रांगाच रांगा, पाण्याचे पाइप, मातीचे ढीग, आणि मधोमध पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून उभी असलेली उंच, सावळी बाई. ओठ आता निळे नव्हते. नजर तीच होती, गणित सोडवणारी.

"रोप घ्यायचंय?" शाईने विचारलं. ओळखल्याचं चेहऱ्यावर लपवलं नाही, आणि दाखवलंही नाही.

"मी टिटवी."

"ते मी विचारलं नाही. घ्यायचं असेल तर घे, नसेल तर वाट मोकळी कर. मागे टेम्पो यायचाय."

टिटवीने एक रोप घेतलं आणि घरी आली. पुढच्या रविवारी पुन्हा गेली.

"परत?"

"मागचं एकटं पडलंय. त्याला सोबत हवी."

शाईने खुरपं मातीत रोवलं. "हे बघ. मी रागावलेय तुमच्यावर. स्पष्ट सांगते. गुरुजी माझी शिष्यवृत्तीची तयारी करून घेत होते. ते गेले, शाळा बंद झाली. पुढे गाव उठलं, घर बांधण्यात दोन वर्षं गेली, मग घरचे म्हणाले, आता कशाला शाळा. हे सगळं मी एकटीने केलं," तिने रांगांकडे हात केला, "आणि झकास केलं. मला कुणाची कीव नको. पण तो राग माझा आहे. इतकी वर्षं सांभाळलाय मी."

"मग अर्धा मला दे," टिटवी म्हणाली. "मीही सांभाळते."

त्या दिवशीचं रोप शाईने स्वतः निवडून दिलं.

घरी आईचा पारा चढत चालला होता. "बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही! ओले टॉवेल काय तुझ्या डोक्यावर वाळत घालू?" बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पान मात्र उलटत नव्हते.

"कुठून आणतेस ही रोपं?" त्यांनी विचारलं.

"शाईकडून."

पेपर खाली आला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ती बोलते तुझ्याशी?"

"भांडते. म्हणजे बोलतेच की."

बाबा उठून बाल्कनीत गेले. एकेका रोपाला बोट लावून पाहत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "पुढच्या रविवारी मी येतो."

पण रोपवाटिकेच्या फाटकाशी गाडी थांबली, आणि बाबांनी दारावरचा हात काढून घेतला. "तू हो पुढे," ते म्हणाले. पाऊस सुरू झाला होता. शाई आणि तिच्या बाया नव्या रोपांवर प्लास्टिक ओढत होत्या. टिटवीने न विचारता एक टोक धरलं, आणि वाऱ्याशी झटापट करत दोघींनी ते बांधलं. दोघी चिखलाने माखल्या.

"गुरुजींनी कधी नाव काढलं का गं माझं?" गाठ मारता मारता शाईने विचारलं. जणू दोरीलाच विचारत होती.

"त्यांनाच विचार. गाडीत बसलेत. उतरायचं धैर्य होत नाहीये त्यांना."

शाईचे हात थांबले. ती उभी राहिली, फाटकाकडे पाहिलं, आणि तशीच पावसात चालत गेली. गाडीच्या काचेवर टकटक केलं. मग दार उघडून ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली आणि दार लावून घेतलं.

टिटवी जाळीखाली उभी होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते. काचेवर वाफ धरत होती, आत दोन आकृत्या. एक हात हलवून बोलणारी, एक मान खाली घातलेली. बराच वेळ. मग बोलणारी थांबली, आणि खाली मान घातलेली बोलू लागली.

शाई परत आली तेव्हा तिच्या हाताला धरून गुरुजीही आले होते. तिने त्यांना कोरड्या जागी, उलट्या घातलेल्या कुंडीवर बसवलं.

"म्हणाले, भीती वाटली," शाईने टिटवीला बाजूला घेऊन सांगितलं. डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत. "पाणी येणार, मारामाऱ्या होणार, म्हणून घाबरून गेलो म्हणाले. दुसरं काही कारण नाही. मला वाटलं होतं सबबी सांगतील. सबबींची उत्तरं तयार होती माझ्याकडे. याचं काय उत्तर देणार?"

"राग गेला?"

"सगळा नाही. थोडा ठेवलाय. सवयीचा आहे." आणि मग शाई हसली, आणि टिटवीने तिला चिखलासकट मिठी मारली. दोघींपैकी आधी कोण रडलं यावर पुढे त्यांचं बरेचदा भांडण झालं.

"आता मला सांग," शाई नाक पुसत म्हणाली, "त्या बोळक्याला किती छळणार आहेस?"

"त्याचं नाव काढू नकोस."

"का? तू इथे यायच्या आधी दर आठवड्याला येऊन माझं डोकं खायचा तो. 'एकदा भेट तिला, एकदाच.' मी नाही म्हटलं की मुकाट्याने माझ्या टेम्पोत माल भरू लागायचा. आवारातल्या आवारात टेम्पो चालवतो पण काय झकास! दोन रांगांच्या मधून मागे घेतो, पान हलत नाही."

टिटवीने तिच्याकडे पाहिलं.

"मागे? रिव्हर्स?"

"मग मागे म्हणजे काय पुढे?"

"कधीपासून?"

"झाले की महिने... का गं? अगं, कुठे निघालीस?"

"बाबा!" टिटवी चालता चालताच ओरडली. "तुम्ही थांबताय ना?"

"थांबताहेत," शाईने परस्पर उत्तर दिलं. "माझं भांडून कुठे झालंय अजून!"

तो लॅबमध्येच होता. तिला दारात बघून त्याच्या हातातला मेणाचा तुकडा खाली पडला. केसांतून पाणी निथळत होतं, कपड्यांवर चिखल, आणि हनुवटी पुढे.

"चल. गाडीत बस. स्टिअरिंगवर."

"आत्ता? तू तर मला दुसरा मास्तर..."

"बस म्हटलं ना."

तो बसला. समोर रस्त्याकडेला दोन गाड्यांच्या मध्ये एक जागा होती, आखडलेली, बघूनच घाम फुटावा अशी. तिने बोट दाखवलं. "तिथे. मागे घेऊन लाव."

"मला येत नाही..."

"शाईच्या टेम्पोला येतं आणि माझ्या गाडीला येत नाही?"

बोळक्याने डोळे मिटले. उघडले. मग एक हात तिच्या सीटच्या पाठीवर ठेवून, मान वळवून, एका दमात गाडी अशी अलगद मागे घेतली, की जणू ती जागा त्या गाडीसाठीच घडवली होती. इंजिन बंद केलं. हात मात्र सीटवरून काढायचा विसरला.

"म्हणजे मुद्दाम नापास झालास."

"हो."

"दोन वेळा."

"तिसऱ्यांदाही होणार होतो." त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. "पास झालो असतो तर रविवारी तुझ्या शेजारी कुठल्या नात्याने बसलो असतो? आणि शाई... शपथ होती ते खरंच, पण पूर्ण खरं ते नाही. शाई सापडली की तुझं काम संपणार होतं. मग तू मला कशाला भेटली असतीस? तू बंद दारांवर घंटा वाजवायचीस, तुझा चेहरा पडायचा, आणि मला दर वेळी वाटायचं, सांगून टाकावं. आणि दर वेळी मी एक रविवार आणखी मागून घ्यायचो. हे चुकलं. तू रागाव. जितकं हवं तितकं."

बाहेर पाऊस ओसरत होता. कौलांवरून, तारांवरून थेंब गळत होते. टिटवीला वाटलं होतं, आपण आता खूप ओरडू. त्यासाठीच तर ती आली होती, वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण त्यातलं एकही आठवेना.

"मी रागावलेय," ती म्हणाली.

"माहितीये."

"आणि रागावलेलीच राहणार आहे. थोडी."

"चालेल."

"आणि..." ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज इतका लहान झाला होता, की त्याला वाकून ऐकावं लागलं. "आणि मला तू हवा आहेस. रविवारीच नाही, सगळे वार. विचारत नाहीये मी. सांगतेय."

त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि त्याने घाईघाईने मान खिडकीकडे वळवली.

"काहीतरी बोल ना!" ती ओरडली. अगदी टिटवीसारखी.

"काय बोलू? तू विचारलं कुठे आहेस?"

"बरं, विचारते. मी हवी आहे का तुला?"

"शाळेमागे उभा होतो तेव्हापासून," तो म्हणाला. "तेव्हा म्हणता येत नव्हतं, एवढंच."

तिने त्याच्या शर्टावरचा वाळलेला प्लास्टरचा ठिपका नखाने खरवडला. निघाला नाही. पुन्हा खरवडला. त्याने तिचं बोट धरून ठेवलं.

"चल," ती एकदम म्हणाली. "आईकडे जाऊ. आत्ताच सांगायचं."

"आत्ता? माझ्या अंगावर प्लास्टर आहे, तुझ्या अंगावर चिखल आहे!"

"म्हणूनच. स्वच्छ होऊन गेलो तर तिला वाटेल अजून विचार करायला वेळ आहे. ऊठ, इकडे ये, गाडी मी चालवते."

त्यांनी जागा बदलल्या. तिने आरसा नीट केला, सीट पुढे ओढली, चावी फिरवली. भल्याभल्यांना गाडी शिकवलेल्या त्या हातांनी गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडीने एक आचका दिला आणि भर रस्त्यात तिरपी बंद पडली.

तिने पुन्हा चावी फिरवली. पुन्हा आचका. मागे एक बस येऊन थांबली, तिच्यामागे आणखी कोणकोण. हॉर्न सुरू झाले.

"मॅडम," बोळका अतिशय नम्रपणे म्हणाला, "मागे रांग लागलीये."

"लागू दे," टिटवी म्हणाली. तिने चावी सोडून दिली, आणि त्याचा हात हातात घेतला.